तुटलेली तार दिसत होती

अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या, मोठ्या वाडग्यासारख्या मशीनसमोर हनुवटी टेकवून मी बसलो होतो. उजव्या डोळ्यावर पट्टी आणि हातात बटण. समोरच्या पिवळ्या दिव्याकडे एकटक बघायचं, आजूबाजूला कुठेही बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं, असं तिथल्या मुलीने समजावलं होतं. सुरुवातीला दोन-तीन ठिपके दिसले, ते मी सरावाचे समजलो. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी कंटाळून विचारलं, "मॅडम, मशीन चालू कधी करणार?"

ती म्हणाली, "काका, टेस्ट अर्धी झाली."

या टेस्टला फील्ड टेस्ट म्हणतात. नजर समोर असताना आपल्याला वर, खाली आणि बाजूंना किती दिसतं, त्याचा तो नकाशा असतो. माझा नकाशा छापून आला आणि डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावर ठेवला. डाव्या डोळ्याचा कागद जवळपास सगळा काळा होता, मध्ये रुपयाएवढी पांढरी जागा. उजवा बरा होता, पण त्यालाही नाकाच्या बाजूने काळं लागायला सुरुवात झाली होती.

"हे काळं आहे ते गेलेलं आहे," त्या म्हणाल्या. "ते परत येत नाही. पांढरं उरलंय ते आपण टिकवायचं."

आजाराचं नाव ग्लॉकोमा, म्हणजे काचबिंदू. मला वाटलं, हा मोतीबिंदूचा भाऊ असणार, ऑपरेशन केलं की सुटलो. त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक वाटेने बाहेर जातं. ती वाट तुंबली की आतलं प्रेशर वाढतं आणि मागची नस, जिला ऑप्टिक नर्व्ह म्हणतात, ती दबून हळूहळू मरते. मोतीबिंदूत गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवता येतं. नस नवी बसवता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, "डोळ्यात काही औषध टाकता का?"

मी शर्टाच्या खिशातून बाटली काढून दिली. जरा ऐटीतच दिली, कारण डोळ्यांची काळजी घेणारा माणूस म्हणून मी स्वतःला ओळखत होतो. त्यांनी लेबल वाचलं. "किती दिवस टाकताय?"

"दिवस नाही मॅडम, तीन वर्षं झाली असतील."

त्यांनी बाटली माझ्याकडे परत दिली नाही. "यात स्टिरॉइड आहे," त्या म्हणाल्या. स्टिरॉइड म्हणजे सूज आणि लाली झटकन उतरवणारं औषध. ते वाईट नसतं, डॉक्टर गरजेला देतात आणि लक्ष ठेवून बंद करतात. पण काही लोकांना ते फार दिवस टाकलं की डोळ्याचं प्रेशर वाढतं. त्या काही लोकांत मी होतो. माझं प्रेशर अडतीस निघालं, आणि ते साधारण एकवीसच्या आत असावं लागतं.

"काही घराण्यांत हे जास्त दिसतं. तुमच्या रक्ताच्या नात्यात आणखी कोणी हेच थेंब वापरतं का?"

मी पटकन म्हणालो, "नाही."

हे खोटं होतं. हा सगळा मजकूर मी त्या एका 'नाही'साठी लिहायला घेतला आहे.

माझं नाव नरेश. राहतो भिवंडीत, टेमघरला. बावीस वर्षं मी कापड तपासतो. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचं अख्खं थान, माझ्या टेबलावर येतो, खाली ट्यूबलाइट असते आणि कापड त्या उजेडावरून ओढत न्यायचं. तार तुटलेली असेल, डाग असेल, गाठ आली असेल तर खडूने खूण करायची. माझ्या हातून खोट सुटत नसे. शेजारच्या टेबलावरचे अन्सारभाई सगळ्यांना सांगायचे, "नरेशभाई की आँख हाय के कॅमेरा हाय." मी नको नको म्हणायचो आणि मनातून खूष व्हायचो.

तपासणीची खोली आणि लूम यांच्यामध्ये एक अर्धी भिंत आहे. तिच्यावरून दिवसभर रुई उडत येते. दुपारनंतर डोळे लाल व्हायचे, खाज सुटायची. एकदा फारच झालं म्हणून मी आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी ही गुलाबी टोपणाची बाटली लिहून दिली आणि सांगितलं, "आठ दिवस टाका, मग बंद करून पुन्हा दाखवायला या." त्यातलं मी फक्त 'टाका' एवढंच ऐकलं. पहिला थेंब पडला तसं गार वाटलं, अर्ध्या तासात लाली गेली. नवव्या दिवशी बंद केलं तर खाज दुप्पट आली. मग रिकामी बाटली मेडिकलवाल्याला दाखवून नवी आणली. त्याने चिठ्ठी मागितली नाही, मीही ती कधी काढली नाही. कोणाकडे बोट दाखवावं असं मला वाटत नाही. मागणारा मी होतो.

हळूहळू ती बाटली आमच्या खोलीची झाली. कात्रीशेजारच्या खिळ्याला सुतळीने बांधून ठेवायचो, येईल त्याने एक थेंब टाकावा. अन्सारभाईंनी चार दिवस टाकून सोडून दिलं. म्हणाले, "नहीं भाई, मेरे को नहीं जमता, जलता है." मी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्यांचे डोळे आज उत्तम आहेत.

आता मंदाबद्दल. मंदा माझी धाकटी बहीण, पडघ्याला दिलेली. हायवेच्या बाजूला एका मोठ्या गोडाऊनमध्ये ती पॅकिंगला होती. दिवसभर खोकी उघडायची, बंद करायची. पुठ्ठ्याच्या धुळीने तिचेही डोळे लाल. एका हळदीच्या कार्यक्रमात ती सारखी पदराने डोळे पुसत होती. मी तिला मांडवाबाहेर खुर्चीवर बसवलं, मान मागे करायला लावली आणि खिशातली बाटली काढून दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. ती काय आहे ते तिने विचारलंसुद्धा नाही. डोळे मिटून म्हणाली, "दादा, लय गार वाटला रे." ती बाटली मी तिलाच देऊन टाकली.

त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी ताटात साडी ठेवली आणि साडीवर एक नवी बाटली. सगळे हसले. भावोजी म्हणाले, "ही ओवाळणी बरी हाय." पुढच्या वर्षीही मी तेच केलं, आमच्यात ती एक गंमतच होऊन बसली. मधल्या काळात संपली की ती माझ्यासारखीच रिकामी बाटली दाखवून पडघ्याच्या दुकानातून घ्यायची.

दुसऱ्या भाऊबीजेनंतर काही महिन्यांनी मंदा आमच्याकडे आली होती. आत येताना ती उंबऱ्याशेजारच्या कुंडीवर आदळली. बायको म्हणाली, "अगं, बघून." मंदा गुडघा चोळत म्हणाली, "दादा, मना अलीकडं बाजूचा काय दिसत न्हाय. परवा गोडाऊनमधी ट्रॉलीच अंगावर आली, ती दिसलीच न्हाय."

इथे मी जे केलं ते आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. भिवंडीत कापड तपासणाऱ्याला डोळे कसे आहेत विचारलं तर तो डॉक्टरकडे जात नाही, ताक्याकडे जातो. मी स्वतःही तसंच करायचो. शंका आली की एक डोळा झाकून खोट असलेला तुकडा उजेडाला धरायचा. तार दिसली की डोळा पास. घरी असे तुकडे कायम पडलेले असत. त्यातला एक मी खिडकीत धरला आणि मंदाला म्हटलं, एक डोळा झाक आणि तुटलेली तार शोध.

तिने शोधली. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा शोधली. डाव्या डोळ्याला वेळ लागला, पण सापडली.

"ठणठणीत आहेत डोळे तुझे," मी म्हणालो. "चालताना लक्ष नसतं तुझं. फोनमध्ये डोकं असतं." ती हसली आणि तिने मान्य केलं. दादा कापडातला माणूस, दादाला डोळ्यांतलं कळतं, अशी तिची समजूत होती. ती समजूत मीच इतकी वर्षं करून दिली होती.

काचबिंदू बाहेरून आत येतो, हे मला पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आधी कडा जातात, मधलं बरेचदा शेवटपर्यंत राहतं. म्हणजे बारीक तार दिसते, वर्तमानपत्र वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो, आणि बाजूने येणारी ट्रॉली मात्र दिसत नाही. मी दोघांच्याही डोळ्यांची परीक्षा घेतली होती, ती नेमक्या त्या जागेची, जी शाबूत होती.

माझ्या बाजूनेही खुणा होत्या. टेबलावर डावीकडे ठेवलेला चहाचा ग्लास मी दर आठवड्याला सांडायचो आणि ठेवणाऱ्यावर खेकसायचो. बायको डाव्या बाजूने चालत असली तर ती मागे राहिली असं वाटून मी थांबायचो. एका संध्याकाळी मोटरसायकलवर असताना डावीकडून एक हातगाडी आली आणि मी सरळ तिच्यावर गेलो. गाडीवाल्याला मी चार माणसांसमोर बोल बोल बोललो. तो बिचारा एवढंच म्हणत होता, "साहेब, मी तर उभा होतो." तो खरंच उभा होता. खांद्याला मार लागलेला असताना घरी येऊन मी काय केलं असेल? तुकडा उजेडाला धरला, तार दिसली आणि जेवायला बसलो.

शेवटी सापडलो ते चष्म्यामुळे. जवळचा नंबर वाढला म्हणून चष्म्याच्या दुकानात गेलो, तिथल्या मुलाने डोळ्यावर हवेची फुंकर मारणाऱ्या मशीनने प्रेशर मोजलं आणि दोनदा मोजून म्हणाला, "अंकल, आप आजच ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलला जा." त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

आता पुन्हा त्या 'नाही'कडे येतो. मी खोटं का बोललो? भीतीने नाही, लाजेने. ओवाळणीच्या ताटातली बाटली आणि खिडकीतला तो कापडाचा तुकडा, दोन्ही त्या क्षणी माझ्यासमोर होते. बाहेर बाकावर बसून मी फोन काढला, मंदाचं नाव उघडलं आणि पुन्हा बंद केलं. असे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत तिने बाटली सहा वेळा तरी वापरली असेल. पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तीन दिवसांनी फार फरक पडला नसता. त्यांचं म्हणणं बरोबर असेल, पण ते तीन दिवस मला अजून टोचतात.

चौथ्या दिवशी बायकोने कपाटावरची औषधं लावताना सहज विचारलं, "मंदावन्संना सांगितलं ना हो बाटली बंद करायला?" तिने माझ्याकडे बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. तासाभरात आम्ही पडघ्याच्या रिक्षात होतो.

मंदा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माझा नकाशा, स्टिरॉइड, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं असताना मी नाही म्हणालो ते. तिने तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बंद केला. "तू थोडाच मुद्दाम केलास," एवढं म्हणाली. मग खिडकीतली बाटली उचलून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेलो. बाहुली मोठी करायचे थेंब टाकून माणसांना एका लांब हॉलमध्ये बसवतात. सगळे डोळे मिटून, माना मागे टाकून बसलेले, एकमेकांना न बघता एकमेकांशी बोलणारे. मंदा माझ्या शेजारी बसली होती. तिथे, डोळे मिटलेले असताना, ती म्हणाली, "मी सांगत होते ना तुला, बाजूचा दिसत न्हाय म्हणून. तू कापड पुढं केलास." आवाज चढवला नाही तिने. एकदाच म्हणाली आणि आजतागायत पुन्हा म्हणालेली नाही. शंभर वेळा म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिचं माझ्यापेक्षा पुढे गेलं होतं. डाव्या डोळ्याला कानाच्या बाजूने हात हलवलेला तेवढा कळत होता. कापडातली तार शोधणारा मधला तुकडा त्या मधल्या महिन्यांत गेला होता. उजव्या डोळ्यात अजून नजर होती, पण अरुंद, आणि प्रेशर औषधांना दाद देत नव्हतं. थेंब बंद केल्यावर काहींचं प्रेशर आपोआप उतरतं, माझं बरंचसं उतरलं. तिचं उतरलं नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्याला ट्रॅबेक्युलेक्टमी म्हणतात. डोळ्यातल्या पाण्याला वरच्या पापणीखाली एक नवी छोटी वाट काढून देतात. डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं, "यानं नजर वाढणार नाही. आहे ती वाचावी म्हणून करतोय. आणि क्वचित ऑपरेशननंतर उरलेली नजरही कमी होते, हे ऐकून मग सही करा." भावोजींनी सही केली. मी त्यांच्या मागे उभा होतो. ते वळून माझ्याकडे बघतील असं वाटलं, पण त्यांनी पेन परत दिलं आणि बाकावर जाऊन बसले.

ऑपरेशन तासाभराचं होतं. त्या तासात मी हॉलमधल्या भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता पाठ केला. देवाला काय सांगावं तेही सुचेना, कारण मागायचं होतं ते माझ्याच चुकीतून उरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर मंदाने पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे बघितलं, बांगड्या मोजल्या आणि म्हणाली, "हाय तेवढा हाय." मी बाहेर जाऊन रडलो. बायको येऊन शेजारी बसली.

नजर टिकली. पण गोडाऊनची ड्युटी सुटली. ट्रॉल्या आणि फोर्कलिफ्टमध्ये तिला आता ठेवता येत नाही, ते लोकही चुकीचं बोलले नाहीत. ती ज्या स्कूटीवर अंबाडीच्या बाजारापर्यंत एकटी जायची, ती आता तिची जाऊ चालवते आणि मंदा मागे बसते. माझी मोटरसायकलही बंद झाली. कापड मात्र मी अजून तपासतो, खोट अजूनही सुटत नाही. कोणी माझ्या नजरेची तारीफ केली की मी विषय बदलतो.

खिळ्याची सुतळी मी कापून टाकली. नवीन आलेल्या कारागिरांचे डोळे लाल दिसले की मी त्यांना एवढंच सांगतो, तेच तुम्हालाही सांगतो. डोळ्याची बाटली कपड्यासारखी एकमेकांना देऊ नका. डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले तर नवव्या दिवशी पुन्हा दाखवा, दुकानात रिकामी बाटली नेऊ नका. आणि आज तुमच्याकडे अशी बाटली असेल तर लपवू नका, ती खिशात घालून डॉक्टरकडे जा. चाळिशीनंतर नुसता नंबर काढून भागत नाही, प्रेशर आणि मागची नस बघायला सांगा. घरात कोणाला काचबिंदू असेल तर भाऊ-बहीण, मुलं सगळ्यांनी बघून घ्या. आणि कोणी म्हणालं की मला बाजूचं दिसत नाही, तर कृपा करून त्याच्यापुढे काही वाचायला धरू नका.

गेल्या भाऊबीजेला मी पडघ्याला गेलो होतो. मनात धाकधूक होती. मंदाने ताट केलं होतं. मी पाटावर बसलो तसा तिने मान थोडी वळवली, उजव्या डोळ्यात मी सापडल्यावर कुंकू लावलं, नेमकं कपाळावर. ओवाळून झालं. मी ताटात साडी ठेवली आणि हात चटकन मागे घेतला. कोणी हसलं नाही. मला वाटलं, सगळ्यांना तेच आठवलं असणार.

तेवढ्यात तिच्या फोनचा गजर झाला. ऑपरेशननंतरही तिला एक औषध कायमचं आहे, त्याची ती वेळ. तिला स्वतःला नेमका थेंब टाकता येत नाही, गालावर पडतो. रोज भावोजी टाकतात, ते पाहुण्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले होते. मंदा खुर्चीवर बसली, मान मागे केली आणि बाटली माझ्यापुढे धरली. "टाक, दादा."

मी बाटली हातात घेतली. तिने डोळा मोठा उघडून वर छताकडे लावला होता. हळदीच्या मांडवाबाहेर बसली होती अगदी तशीच. बाटली कसली हे तिने तेव्हाही विचारलं नव्हतं, आताही विचारत नव्हती.

मी दिव्याखाली गेलो. लेबलवरचं नाव मोठ्याने वाचलं. संपायची तारीख वाचली. फडताळातून डॉक्टरांचा कागद काढून नाव जुळवलं, कोणत्या डोळ्यात, किती वेळा, तेही वाचून दाखवलं.

"कळला रे," ती म्हणाली. "मान दुखते माझी. टाक आता."

मी एक थेंब टाकला. तो बरोबर पडला. मग डॉक्टरांनी शिकवलंय तसं नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं, औषध घशात उतरू नये म्हणून. दोन मिनिटं धरायचं असतं. मंदाने डोळे मिटले होते, आणि त्या दोन मिनिटांत तिने माझं बोट दूर केलं नाही.